कानात दादाचं गाणं, हातात फावडं

पत्र : ताई, मी आर्वीकडच्या एका खेड्यातला, वय २१. बाबांशी भांडून दादा तीन वर्षांपूर्वी पुण्याला गेला. दिवाळीला दोन मिनिटं फोन, बस. तान्ह्या पोळ्याला बाबा त्याचा लहानपणचा लाकडी नंदी अजून पुसून ठेवतात, पण त्याचं नाव काढत नाहीत. जुन्या मोबाईलात दादाची इंग्रजी रॉक गाणी राहिली आहेत. रात्रीच्या लाईनवर हरभरा ओलताना पिंक फ्लॉइडचं 'विश यू वेअर हिअर' ऐकतो अन् रडू येतं. अर्थ अर्धाच कळतो. बाबा म्हणतात, "काय बोंबलून राहिलं बे हे?" माझं डोकं फिरलं का?

उत्तर : नाही रे. तुमच्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी होतात, त्यातही सासरी बसून माहेरच आठवायचं असतं. त्या बायांना कोणी येडं म्हटलं नाही.

आज मोटार सुरू झाली की गाण्याची सुरुवात नीट ऐक. पहिली गिटार बारीक, खरखरती, रेडिओवर लागल्यासारखी. मग दुसरी येते, अगदी कानाजवळ. जणू कोणी खोलीत एकटाच बसून रेडिओतल्या गिटारला साथ देतोय. मला शब्दांपेक्षा हीच जागा जास्त लागते. धुऱ्यावर बसून तू दुसरं काय करतोस?

पण हे गाणं ज्या अल्बममधलं आहे, त्याची गोष्टही ऐकून ठेव. बँडचा पहिला गायक सिड बॅरेट मनाने ढासळत गेला आणि १९६८ मध्ये बँडमधून सुटला. १९७५ च्या या अल्बमभर त्याचीच उणीव आहे. त्या जूनमध्ये लंडनच्या स्टुडिओत त्याच्यावरच्या गाण्याचं काम चालू असताना एक लठ्ठ माणूस आत आला. डोकं भादरलेलं, भुवयासुद्धा. बराच वेळ कोणी ओळखलंच नाही. तो सिड होता.

मला तुझी धास्ती वाटते ती इथे. मोबाईलातला दादा तीन वर्षं तसाच आहे. पुण्यातला तसा नसेल. कदाचित कंपनीच्या गोष्टी सांगेल, गाणी सोडलीही असतील. तरी त्याला फोन कर. "काऊन फोन करत नाही?" असं सुरू केलंस तर तो दोन मिनिटांतच ठेवेल. त्यापेक्षा न कळलेली एक ओळ विचार. शिकवायची संधी कोणता थोरला भाऊ सोडतो?

बाबा आणि त्याच्यात समेट करायला जाऊ नकोस. तो त्या दोघांचा मामला. नंदीचं मात्र दादाला सांग, एवढंच, पुढे काही जोडू नकोस. फोन ओसरीवरून करायचा की वावरातून, ते तू ठरव. मी पहिला तरी वावरातून केला असता. आणि लाईन यायची वाट पाहू नकोस, रात्री बाराला नोकरीवाला माणूस झोपलेला असतो.