जोडलेल्या गॅरेजला ग्राउंड रॉड नाही, मग सुट्या गॅरेजलाच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत घरामागे सुटं गॅरेज आहे आणि तिथे गाडीच्या चार्जरसाठी ६० अँपिअरचं सबपॅनेल, म्हणजे घरच्या पॅनेलवरून वीज घेणारं दुसरं पॅनेल, बसवायचंय. शेजाऱ्याच्या घराला जोडलेल्या गॅरेजात ग्राउंड रॉड, म्हणजे अर्थिंगसाठी जमिनीत ठोकायचा धातूचा रॉड, नाही, तुम्हाला मात्र रॉड सांगितलाय. शिवाय काम करणारा म्हणतोय, "रॉड ठोकतोच आहोत, मग चौथी तार कशाला?"

आधी हा शेवटचा मुद्दा, कारण तो धोकादायक आहे. रॉडमुळे ब्रेकर पडत नाही. गावाकडचा मीठ-कोळशाचा अर्थिंगचा खड्डा डोक्यात असल्यामुळे आपल्या लोकांना हे पटत नाही, पण हिशोब करा. रॉडचा रोध अगदी चांगला, २५ ओहम धरला, तरी १२० व्होल्टला ४.८ अँपिअर वाहतात. २० अँपिअरच्या ब्रेकरला त्याचा पत्ताही लागत नाही आणि यंत्राचा पत्रा जिवंतच राहतो. ब्रेकर पाडते ती चौथी तार, म्हणजे फीडरसोबत (घरून गॅरेजच्या पॅनेलला वीज नेणाऱ्या तारांसोबत) घरच्या पॅनेलपर्यंत परत गेलेली हिरवी किंवा उघडी ग्राउंडची तार. रॉड असतो वीज पडली, लाइनवर झटका आला तर त्यासाठी. दोघांची कामं वेगळी आहेत, एक दुसऱ्याची जागा घेत नाही.

जोडलेलं गॅरेज म्हणजे तीच इमारत. घराचे रॉड तिलाही लागू, म्हणून शेजाऱ्याचं बरोबर आहे. सुटं गॅरेज ही वेगळी इमारत, तिला एनईसीच्या, म्हणजे अमेरिकेच्या वीजजोडणीच्या कोडच्या, कलम २५०.३२ प्रमाणे स्वतःचं इलेक्ट्रोड (रॉड किंवा जमिनीतला तसाच धातू) लागतं. सूट एकच: गॅरेजला फक्त एक ब्रँच सर्किट (घरच्या पॅनेलमधल्या एका ब्रेकरवरून थेट आलेली लाइन) जात असेल आणि त्यात ग्राउंडची तार असेल, तर रॉड नको. सबपॅनेल आलं की ही सूट संपली.

तीन तारांची पद्धत, म्हणजे गॅरेजात न्यूट्रल आणि ग्राउंड पुन्हा जोडणं, २००८ च्या कोडपासून नव्या कामाला बंद आहे. अशाच एका गॅरेजात दोन रॉड व्यवस्थित होते, पण चौथी तार नव्हती आणि न्यूट्रलला पॅनेलच्या पत्र्याशी जोडणारा बॉन्डिंग स्क्रू तसाच घट्ट होता. हीटर चालू करून घराकडे जाणाऱ्या पाण्याच्या तांब्याच्या नळावर क्लॅम्प मीटर (बाहेरून अडकवून करंट मोजणारा) लावला, तर नळातून जवळजवळ ३ अँपिअर वाहत होते. न्यूट्रलचा परतीचा करंट नळाने घरी जात होता. असा धातूचा रस्ता नसता आणि न्यूट्रलचा एखादा जोड सैल झाला असता, तर पॅनेलचा पत्रा, हीटर, दाराची मोटर, सगळ्यांत वीज उतरली असती. रॉड नुसते बघत राहिले असते.

म्हणून चारच तारा: दोन फेज, न्यूट्रल, ग्राउंड. ६० अँपिअरला तांब्याची ग्राउंड १० गेज, १०० ला ८ गेज. सबपॅनेलमधला हिरवा बॉन्डिंग स्क्रू किंवा पट्टी काढा. ग्राउंड बार बहुतेकदा वेगळा विकत घेऊन पत्र्याला स्क्रूने बसवावा लागतो, तो विसरू नका. रॉड ८ फुटी, दोन, एकमेकांपासून निदान ६ फूट, आणि दोन्हींना अखंड ६ गेज तांबं. एकाच रॉडवर भागवायचं तर २५ ओहमच्या आत मोजून दाखवावं लागतं, त्यापेक्षा दुसरा ठोकणं स्वस्त. खडक लागला तर ४५ अंशांपर्यंत तिरका चालतो. गॅरेज नवीनच बांधत असाल तर काँक्रीट ओतण्याआधी पायातली सळई इलेक्ट्रोड म्हणून बाहेर काढून घ्या, ती रॉडपेक्षा कितीतरी चांगली.

माझं स्पष्ट मत, ६० चा फीडर घालू नका. ४८ अँपिअरचा चार्जर सलग चालणारा भार असल्यामुळे त्याला एकट्यालाच ६० लागतात, मग दिव्यांना आणि दाराच्या मोटरला काय उरलं? १०० चा घाला: ३ गेज तांबं किंवा १ गेज ॲल्युमिनियम. पीव्हीसी पाइप असेल तर माथ्यावर १८ इंच माती हवी.

कोडची आवृत्ती राज्यागणिक बदलते, आणि छप्पर घातलेल्या बोळाने घराला टेकलेलं गॅरेज जोडलेलं की सुटं हे तुमचा इन्स्पेक्टर ठरवेल. परमिट काढा. त्याने पाहीपर्यंत चर बुजवू नका, रॉडची डोकी आणि क्लॅम्पही उघडेच ठेवा.