आईला कोलेस्टेरॉलच्या दोन गोळ्या एकत्र देणे सुरक्षित आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आईंचे वय ७६, वजन ४८ किलो, मधुमेह आहे, हृदयविकाराचा झटका आजवर आलेला नाही. रोझुवास्टॅटिन १० मिलिग्रॅम बरीच वर्षे चालू आहे. ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) २८० आल्यावर डॉक्टरांनी त्यात फेनोफायब्रेट १६० मिलिग्रॅमची भर घातली. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) १.२ आहे आणि नवी गोळी सुरू झाल्यापासून मांड्या व पोटऱ्या दुखत आहेत. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. तरीही कागदावर जे दिसते त्यावरून सांगते. ही जोडी मुळात निषिद्ध नाही, जगभर ती दिली जाते. परंतु आईंच्या वयाला, वजनाला आणि मूत्रपिंडाला १६० ची मात्रा मला जास्त वाटते, आणि दुखणे नव्या गोळीनंतर सुरू झाले असल्यामुळे पुढच्या ठरलेल्या तपासणीपर्यंत न थांबता एकदोन दिवसांतच डॉक्टरांशी बोलायला हवे.

रोझुवास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातले, तर फेनोफायब्रेट हे ट्रायग्लिसराइड उतरवणाऱ्या फायब्रेट गटातले औषध. स्टॅटिनच्या जोडीला फायब्रेट दिले की स्नायूंना इजा होते, ही भीती निराधार नाही. सेरिव्हास्टॅटिन नावाचे औषध ऑगस्ट २००१ मध्ये बायर कंपनीने बाजारातून मागे घेतले, कारण ते घेणाऱ्या काही रुग्णांचे स्नायू इतके विरघळले की त्यांची मूत्रपिंडे बंद पडली आणि मृत्यूही झाले. त्यांपैकी बऱ्याच जणांना सोबत जेमफायब्रोझिल हे फायब्रेट दिलेले होते. जेमफायब्रोझिल स्टॅटिनला यकृतात शिरू देत नाही आणि त्याचा निचराही रोखते, त्यामुळे रक्तातील स्टॅटिन कित्येक पटींनी वाढते. फेनोफायब्रेट असा अडथळा फारसा आणत नाही, म्हणून दोन्ही फायब्रेट असली तरी त्यांना एका मापाने मोजू नये. तुमच्या हातातल्या स्ट्रिपवर जेमफायब्रोझिल असे नाव असते, तर मी तुम्हाला आजच डॉक्टरांना फोन करायला सांगितले असते.

आता मूत्रपिंडाकडे वळू, कारण माझी खरी काळजी तिथे आहे. १.२ हा आकडा बऱ्याच प्रयोगशाळांच्या रिपोर्टमध्ये नॉर्मलच्या आसपास दिसतो आणि म्हणून कोणी थांबून पाहत नाही. पण क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते, आणि वयोवृद्ध, कृश बाईच्या अंगात स्नायूच कमी असल्यामुळे मूत्रपिंड निम्म्याहून कमी क्षमतेने चालत असले तरी आकडा फारसा वाढत नाही. औषधांची मात्रा ठरवताना वापरले जाणारे कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र लावले, म्हणजे १४० मधून ७६ वजा करून उरलेल्या ६४ ला ४८ ने गुणले, ७२ गुणिले १.२ ने भागले आणि स्त्री असल्यामुळे ०.८५ ने गुणले, तर मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या वेगाचे उत्तर मिनिटाला साधारण ३० मिलिलीटर येते. रिपोर्टवर छापलेला ईजीएफआर, म्हणजे गाळण्याच्या वेगाचा अंदाज, वेगळ्या सूत्राने काढलेला असल्यामुळे तो ४५ च्या पुढे दिसू शकतो, पण इतक्या कमी वजनाच्या रुग्णात मी दोन्ही आकडे पाहते. फेनोफायब्रेट मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडते. ३० ते ६० या टप्प्यात त्याची मात्रा कमी ठेवावी आणि ३० च्या खाली ते देऊच नये, असे औषधाच्या माहितीपत्रकात असते. रोझुवास्टॅटिनच्या बाबतीतही सत्तरीपुढच्या, मूत्रपिंड अशक्त असलेल्या किंवा सोबत फायब्रेट चालू असलेल्या रुग्णाला ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करण्याची शिफारस आहे; शिवाय आशियाई लोकांच्या रक्तात हे औषध युरोपीय लोकांपेक्षा जास्त प्रमाणात राहते, हेही नोंदलेले आहे. आणखी एक गुंता असा की फेनोफायब्रेट सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडे चढते आणि औषध थांबवल्यावर बहुधा खाली येते. म्हणून १.२ हा रिपोर्ट गोळी सुरू होण्याआधीचा की नंतरचा, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

दुसरी गोळी मुळात हवी का, हा प्रश्न विचारायला संकोचू नका. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर आणि विशेषतः हजाराकडे गेले, तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो आणि तेव्हा फायब्रेट देण्याला ठोस कारण असते. २८० ची गोष्ट वेगळी आहे. मधुमेहाच्या ५,५१८ रुग्णांवरील ॲकॉर्ड अभ्यासात सिमव्हास्टॅटिनला फेनोफायब्रेटची जोड दिली गेली. २०१० मध्ये निकाल आले तेव्हा एकंदरीत हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. ज्यांचे ट्रायग्लिसराइड बरेच जास्त आणि एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) फारच कमी होते, त्या छोट्या गटात फायद्याची शक्यता दिसली, म्हणून आईंचे एचडीएल किती आहे तेही पाहा. पुढे २०२२ मध्ये पेमाफायब्रेट या नव्या औषधाच्या अभ्यासातही ट्रायग्लिसराइड उतरले, पण झटके कमी झाले नाहीत. याउलट दिलासा देणारी बाब अशी की ॲकॉर्डमध्ये दोन्ही औषधे एकत्र घेणाऱ्यांत स्नायूंची गंभीर इजा वाढलेली आढळली नाही.

शिवाय २८० हा आकडा कशामुळे आला ते आधी तपासावे. रक्त उपाशीपोटी दिले होते का, आदल्या दिवशी घरात सणाचे जेवण होते का, साखर आटोक्यात आहे का, थायरॉइड तपासले आहे का? थायरॉइड मंदावले की कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही वाढतात आणि त्याच अवस्थेत स्टॅटिनमुळे स्नायू दुखण्याचा धोकाही वाढतो. ते न तपासता गोळ्या वाढवत जाणे मला पटत नाही.

डॉक्टरांचे लक्ष ट्रायग्लिसराइडपेक्षा एलडीएलवर (‘वाईट’ कोलेस्टेरॉलवर) असेल, तर स्टॅटिनच्या जोडीला इझेटिमाइब हा वृद्धांसाठी बराच सौम्य पर्याय आहे. ते आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषले जाणे रोखते आणि मूत्रपिंड अशक्त असले तरी त्याची मात्रा बदलावी लागत नाही. २०१५ च्या इम्प्रूव्ह-इट अभ्यासात १८,१४४ हृदयरुग्ण होते. सिमव्हास्टॅटिनसोबत इझेटिमाइब दिल्यावर स्नायूंच्या तक्रारी वाढल्या नाहीत आणि सर्वाधिक फायदा ७५ वर्षांपुढच्या रुग्णांना झाला. अर्थात ते सगळे नुकतेच हृदयाच्या गंभीर त्रासातून गेलेले होते, आईंची स्थिती तशी नाही.

आपल्याकडे माझ्या अनुभवात या दोन गोळ्यांच्या जोडीपेक्षा जास्त घोळ एकाच गोळीत तीन-तीन औषधे असल्यामुळे होतो. एक आजोबा पिशवीभर औषधे घेऊन आमच्या दुकानात आले होते. हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेल्या कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि रोझुवास्टॅटिन होते, तर मधुमेहाच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळीत फेनोफायब्रेटबरोबर पुन्हा रोझुवास्टॅटिन. दोन्हींची नावे वेगळी, रंग वेगळे, आणि आजोबा दोन्ही रात्री जेवणानंतर नेमाने घेत होते. दुकानदाराने स्ट्रिप कापून दिली की घटकांची नावे छापलेला भाग अनेकदा उरलेल्या तुकड्यावर राहतो, मग घरी कळायला मार्गच नसतो. ब्रँडच्या नावापुढचे ‘एव्ही’ किंवा ‘एफ’ हे एकदोन अक्षरांचे शेपूट म्हणजे आत आणखी एक औषध असल्याची खूण असते. इकोस्प्रिन एव्हीमध्ये ॲस्पिरिनसोबत ॲटोरव्हास्टॅटिन असते, हे अनेकांना ठाऊक नसते. तुमच्या आईंच्या प्रत्येक स्ट्रिपवरची घटकांची नावे एका कागदावर उतरवा आणि ‘स्टॅटिन’ने संपणारे नाव दोनदा येते का ते पाहा. ऑनलाइन मागवलेली ‘नैसर्गिक’ औषधेही त्यात लिहा, कारण रेड यीस्ट राइसमध्ये लोव्हास्टॅटिनच असते.

मध्येच दिली जाणारी औषधेही विसरू नका. खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा नायट्यासाठी इट्राकोनाझोल दिल्यास ॲटोरव्हास्टॅटिन आणि सिमव्हास्टॅटिन रक्तात साठते. रोझुवास्टॅटिनला या दोन्हींचा त्रास कमी आहे, ही आईंच्या बाबतीत जमेची बाजू. मात्र युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या संधिवातासाठी (गाउट) कोल्चिसिन दिल्यास स्नायूंवरचा ताण कोणत्याही स्टॅटिनसोबत वाढतो. नव्या डॉक्टरांकडे जाताना तोच कागद सोबत न्यावा.

पाय दुखण्याचे प्रत्येक कारण गोळीत नसते. या वयात गुडघे, कंबर, ड जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेहामुळे नसांना झालेली इजा, काहीही असू शकते. गोळीमुळे होणारे दुखणे बहुधा दोन्ही बाजूंना, मांड्या, नितंब, खांदे अशा मोठ्या स्नायूंत असते आणि जमिनीवरून उठताना किंवा जिना चढताना बळ कमी पडते. आईंच्या मांड्या दुखत असल्यामुळे सीके (स्नायूंची इजा), क्रिएटिनिन, एसजीपीटी (यकृत) आणि टीएसएच (थायरॉइड) या रक्ततपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. तपासण्या येईपर्यंत फेनोफायब्रेट थांबवायचे का, हा निर्णय त्यांच्याकडून फोनवरही मिळू शकतो. रोझुवास्टॅटिन मात्र स्वतःच्या मनाने कायमचे बंद करू नका, कारण मधुमेह असलेल्या व्यक्तीला हृदयासाठी खरा आधार त्याच गोळीचा असतो. मात्रा ५ वर आणणे किंवा काही दिवस थांबवून पुन्हा सुरू करणे असे मार्ग डॉक्टरांकडे असतात. परंतु लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, लघवीचे प्रमाण घटले, उठून उभे राहता येईना किंवा दुखण्यासोबत ताप आला, तर दोन्ही गोळ्या तिथेच थांबवून, रात्र असली तरी, आईंना सगळ्या स्ट्रिपसह रुग्णालयात घेऊन जा.