मकरेकर म्हणजे चिखलफेक्या नव्हे

प्रश्न थोडक्यात असा आहे. अप्टन सिंक्लेअर या अमेरिकन कादंबरीकारावर मराठीत परिचय लिहायचाय, इंग्रजी मजकुरात त्याला 'सोशली कॉन्शस नॉव्हेलिस्ट अँड मकरेकर' म्हटलंय, तर मकरेकरला मराठीत काय म्हणावं? डिक्शनरीत 'चिखलफेक करणारा' सापडलं, कुणीतरी 'शोधपत्रकार' सुचवलं, आणि विचारणाऱ्याला दोन्ही पटत नाहीयेत.

बरोबरच आहे, पटू नयेतच. चिखलफेक तर आधी बाजूला काढा. चिखलफेक म्हणजे निवडणूक आली की दोन पार्ट्या एकमेकांवर करतात ती, खरं असो खोटं असो समोरच्याच्या कपड्यावर डाग पडला की झालं. त्याला इंग्रजीत मडस्लिंगिंग असा वेगळाच शब्द आहे. मकरेकर कुणावर काही फेकत नाही, घाण आधीच साठलेली असते, तो फक्त ती वर आणतो.

आता शब्दाची फोड बघू. मक म्हणजे शेण, लीद, कुजका पालापाचोळा, थोडक्यात गोठ्यातनं निघून उकिरड्यावर जातो तो माल, आणि रेक म्हणजे दंताळं. सतराव्या शतकात जॉन बनियन या इंग्रज लेखकाने 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' ही ख्रिस्ती रूपककथा लिहिली (हरि केशवजींनी १८४१ साली 'यात्रिकक्रमण' म्हणून हिचंच मराठी केलं होतं) आणि १६८४ मध्ये आलेल्या तिच्या दुसऱ्या भागात हा दंताळेवाला भेटतो. हातात दंताळं, नजर कायम जमिनीवर, डोक्याशी कुणीतरी स्वर्गातला मुकुट घेऊन उभं आहे, म्हणतंय दंताळं टाक आणि हा घे, पण हा पठ्ठ्या मान वर करायलाच तयार नाही, काड्या आणि धूळ ओढत बसलाय. बनियनला यात लोभी, प्रपंचात रुतलेला माणूस दाखवायचा होता, लोकांची लफडी बाहेर काढण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

तो संबंध जोडला राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने. तारीख १४ एप्रिल १९०६, वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधीगृहाच्या ऑफिस बिल्डिंगची कोनशिला बसवायचा कार्यक्रम होता. त्याच्या थोडं आधीपासून 'कॉस्मोपॉलिटन'मध्ये (तेव्हा ते फॅशनचं मासिक नव्हतं) डेव्हिड ग्रॅहम फिलिप्सची एक लेखमाला सुरू झाली होती, सेनेटर लोक बड्या धंदेवाल्यांच्या खिशात कसे आहेत यावर, आणि रूझवेल्ट त्याने जाम वैतागला होता. भाषणात त्याने बनियनचा दंताळेवाला आणला. तसं पाहिलं तर तो एवढंच म्हणाला की अशी माणसं समाजाला बऱ्याचदा लागतातच, फक्त कुठे थांबायचं ते त्यांना कळलं पाहिजे. पण भाषणातला पहिला अर्धा भाग कोण लक्षात ठेवतो, लोकांनी शिवी तेवढी उचलली. पुढे गंमत अशी झाली की ज्यांना ती दिली होती त्यांच्यातल्या काहींनी ती बिल्ल्यासारखी छातीवर लावली. सगळ्यांनी नाही हं, स्टँडर्ड ऑइल कंपनीचा इतिहास खणून काढणाऱ्या आयडा टार्बेलला हे लेबल कधीच आवडलं नाही, तिचं म्हणणं आपण इतिहास लिहिलाय.

म्हणजे एकाच शब्दाला दोन तोंडं आहेत, आणि मराठीत यासाठी दोन क्रियापदं आयती तयार आहेत: उकरणे आणि उपसणे. उकरण्याला आपल्याकडे चांगलं कुणी म्हणत नाही. कोंबडी उकिरडा उकरते, भांडण उकरून काढतात, गाडलेली मढी उकरतात. उपसण्याचं तसं नाही, विहिरीतला गाळ उपसतात, तुंबलेलं गटार उपसतात, हात घाणीतच असतात पण मागे काहीतरी साफ होतं. रूझवेल्टच्या मनातला मकरेकर हा उकरणारा होता आणि आज इंग्रजीत कौतुकाने ज्याला मकरेकर म्हणतात तो उपसणारा. मराठीतलंच उदाहरण द्यायचं तर तेंडुलकरांच्या 'कमला' (१९८१) नाटकातला जयसिंग जाधव घ्या, बायकांचा बाजार भरतो हे सिद्ध करायला एक बाई विकत आणून पत्रकार परिषदेत उभी करणारा. बातमी खरी, पण त्याला उपसणारा म्हणायला माझी तरी जीभ वळत नाही.

सिंक्लेअरला मात्र मी बिनधास्त म्हणेन. हा १८७८ चा जन्म, बाल्टिमोरचा. 'अपील टू रीझन' या समाजवादी साप्ताहिकाने ५०० डॉलर अॅडव्हान्स दिला आणि १९०४ मध्ये तो शिकागोच्या कत्तलखान्यांच्या वस्तीत, पॅकिंगटाउन म्हणायचे तिला, सात आठवडे कामगारांमध्ये फिरून आला. त्यातून 'द जंगल' ही कादंबरी निघाली, १९०५ मध्ये साप्ताहिकात क्रमशः आणि फेब्रुवारी १९०६ मध्ये पुस्तक. लिथुआनियातून आलेला युर्गिस, त्याची बायको ओना, सगळं कुटुंब मांसाच्या कारखान्यांभोवती पोट भरायला धडपडतंय. आता यातली घाण बघा. युरोपातून परत आलेलं बुरशी धरलेलं सॉसेज, त्याला बोरॅक्स आणि ग्लिसरीन चोळून पुन्हा मशिनच्या तोंडात. गोदामात उंदीर झाले म्हणून विष घातलेला पाव ठेवायचा, मग मेलेले उंदीर, तो पाव आणि मांस सगळं एकाच फावड्याने आत.

हे वाचून अमेरिका ओकायला लागली, रूझवेल्टने सिंक्लेअरला एप्रिलच्या सुरुवातीला व्हाइट हाउसला बोलावून घेतलं (म्हणजे ते दंताळ्याचं भाषण त्यानंतर जेमतेम दहा दिवसांनी झालंय, हे विसरू नका), चौकशीला माणसं पाठवली आणि ३० जूनला मांस तपासणीचा आणि शुद्ध अन्न व औषधांचा असे दोन कायदे सहीसकट तयार. कादंबरीने एवढं घडवलेलं फार कमी वेळा दिसतं.

पण त्याच कादंबरीत युर्गिसचा म्हातारा बाप आहे, त्याला वयामुळे कुणी काम देत नाही, शेवटी एक जण म्हणतो मी लावतो चिकटवून पण पगाराचा तिसरा हिस्सा माझा. म्हातारा कबूल होतो. लोणच्याच्या तळघरात, म्हणजे मांस खारवतात तिथे, केमिकलच्या पाण्यात उभं राहून बूट कुजतात, पायाला जखमा होतात, आणि थंडीत खोकून खोकून मरतो. सिंक्लेअरला वाचकाने बघायला हवा होता तो हा म्हातारा, वाचकाने बघितलं आपल्या ताटातलं सॉसेज. स्वतः सिंक्लेअरच त्याच वर्षी म्हणाला, मी नेम धरला होता लोकांच्या काळजावर आणि चुकून लागला पोटात. दोन्ही कायदे खाणाऱ्यांसाठी झाले, खपणाऱ्यांसाठी नाही.

म्हणूनच 'शोधपत्रकार' मला तोकडा वाटतो. चुकीचा नाही, आजच्या बातमीदाराबद्दल लिहायचं असेल तर तोच वापरा, पण फार धुतलेला, इस्त्री केलेला शब्द आहे, त्याला घाणीचा वास येत नाही. शिवाय सिंक्लेअर माहिती पत्रकारासारखी गोळा करायचा आणि लिहायचा कादंबरी. 'किंग कोल' (१९१७) कोलोरॅडोच्या कोळसा खाणीतल्या संपावरून, 'ऑइल' (१९२७) कॅलिफोर्नियातल्या तेलावर ('देअर विल बी ब्लड' सिनेमाचं मूळ हेच, जरी सिनेमात कादंबरी थोडीच उरलीय), 'बॉस्टन' (१९२८) साको आणि व्हँझेटी या फाशीची शिक्षा झालेल्या दोन इटालियन अराजकवाद्यांच्या खटल्यावर. 'ऑइल'वर बॉस्टनमध्ये अश्लील म्हणून बंदी आली तेव्हा या माणसाने आक्षेपार्ह पानं अंजिराच्या पानाच्या चित्राने झाकून वेगळी आवृत्ती काढली आणि रस्त्यावर उभं राहून विकली! पत्रकारांनाही सोडलं नाही, 'द ब्रास चेक' (१९१९) हे पुस्तक वर्तमानपत्रांवरच आहे. ब्रास चेक म्हणजे कुंटणखान्यात गिऱ्हाइकाने पैसे भरून घ्यायचं आणि बाईला द्यायचं पितळी टोकन, आणि सिंक्लेअर म्हणतो पत्रकाराच्या पगाराच्या पाकिटात दर आठवड्याला तेच असतं. मराठीत याला नाव आयतंच आहे, पितळ उघडं पाडलं. आपला वाक्प्रचार अर्थात सोन्याचा मुलामा उडण्यावरून आलाय, कुंटणखान्यावरून नाही, पण लेखाला मथळा हवा असेल तर हा सोडू नका.

बाकीचे पर्याय पटकन. उखाळ्यापाखाळ्या काढणारा नको, ते नात्यागोत्यात चालतं. कुलंगडी बाहेर काढणारा हे पेपरच्या कोपऱ्यातल्या सदराला शोभेल. लक्तरं वेशीवर टांगणं जवळचं आहे पण त्यात ज्याची टांगली त्याची फजिती एवढाच अर्थ राहतो. भांडाफोड करणारा चालेल, फक्त एकदा भांडं फुटलं की संपलं असं वाटतं आणि हा माणूस तर साठेक वर्षं लिहीतच होता. मी पहिल्यांदा 'मकरेकर, म्हणजे समाजातली घाण उपसणारा लेखक' असं लिहून पुढे सरळ मकरेकर वापरला असता.

'सोशली कॉन्शस'ला बहुतेक जण 'सामाजिक जाणीव असलेला' लिहितात. जाणीव काय, असते हो बऱ्याच जणांना, चहा पिताना सुद्धा असते. सिंक्लेअर समाजवादी पक्षात होता, १९३४ मध्ये 'कॅलिफोर्नियातली गरिबी संपवा' म्हणत डेमोक्रॅट म्हणून गव्हर्नरपदाला उभा राहिला, पडला, आणि पडलो कसा यावर पुस्तक काढलं. ज्याचा पगार एखादी गोष्ट न समजण्यावर अवलंबून आहे त्याला ती समजावणं कठीण असतं, हे त्याचं वाक्य त्या काळातलं. अशा माणसाला 'बांधिलकी' हाच शब्द द्यावा, मूळ इंग्रजीपेक्षा तो जड पडला तरी.

तेव्हा वाक्य साधारण असं करा: 'सामाजिक बांधिलकी मानणारा अमेरिकन कादंबरीकार आणि घाण उपसून चव्हाट्यावर मांडणारा मकरेकर.' लांब आहे, असू दे. आणि दोन गोष्टी सांभाळा. सिंक्लेअर लुईस हा वेगळा, १९३० चं नोबेल त्याचं, आपल्या अप्टनला १९४३ चं पुलित्झर आहे 'ड्रॅगन्स टीथ'साठी, घाईत लोक दोघांची सरमिसळ करतात. दुसरं, 'द जंगल'चं नाव नुसतं 'जंगल' करू नका. शब्द आपल्याकडूनच इंग्रजीत गेलाय हे खरं, पण मराठी वाचक आत वाघ शोधत बसेल, आणि पुस्तकात आहेत बैल, डुकरं आणि माणसं.