भाडेकरूच घर विकत घेतो तेव्हा कमिशन कुणाला?

या खेपेच्या पत्रांत एकच गाठ वेगवेगळ्या बाजूंनी समोर आली. घर सांभाळायला एकाकडे दिलं, त्यात राहणाऱ्या भाडेकरूनेच ते विकत मागितलं, आता सांभाळणाऱ्याला काय द्यायचं?

प्रश्न : चार वर्षं माझं घर एका प्रॉपर्टी मॅनेजरकडे आहे. भाडं गोळा करणं, दुरुस्त्या बघणं ही त्याची कामं. त्याचे तो भाड्याच्या दहा टक्के घेतो. परवा भाडेकरूने थेट मला फोन केला, आमचा भाव ठरलाही. मॅनेजर म्हणतो, विक्रीच्या किमतीवर तीन टक्के माझे. या व्यवहारात त्याने इकडची काडी तिकडे केलेली नाही. द्यावे लागतील का?

उत्तर : आधी करारनामा काढा, आणि शुल्काचं पान सोडून मागची पानं वाचा. 'भाडेकरूने अगर त्याच्या नातेवाइकाने मिळकत खरेदी केल्यास किमतीच्या अमुक टक्के देय राहतील' अशा अर्थाचं वाक्य अनेक तयार नमुन्यांत असतं. ते असेल आणि खाली तुमची सही असेल, तर 'त्याने काही केलं नाही' एवढ्यावर सुटका होणं कठीण. अशी कलमं 'काम केलं तर पैसे' अशी लिहिलेली नसतात; अमुक घडलं की पैसे, एवढंच त्यांत असतं. त्याची बाजूही अगदीच पोकळ नाही. भाडेकरू त्याने शोधला, पारखला, आणि घर विकलं गेलं की त्याची दरमहाची मिळकत त्याच दिवशी थांबते.

पण सही केली म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. २००९ साली इंग्लंडच्या हायकोर्टापुढे नेमका हाच वाद आला होता. ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग या सरकारी संस्थेने फॉक्सटन्स या मोठ्या एजन्सीवर दावा लावला. भाडेकरूने घर घेतल्यास विक्रीचं कमिशन, हे त्यातलं एक वादग्रस्त कलम होतं. कोर्टाने ते सामान्य घरमालकांच्या बाबतीत अन्याय्य ठरवलं. इतका मोठा बोजा टाकणारी अट बारीक अक्षरांच्या मजकुरात दडवून चालत नाही, ती सही करणाऱ्याच्या नजरेला आणून द्यावी लागते, हा त्यातला मुख्य धागा. हा निकाल इतर देशांतल्या कोर्टांना बांधून ठेवत नाही. धंदा म्हणून घरं भाड्याने देणाऱ्यालाही त्याचा आधार मिळणार नाही, कारण तो कायदा ग्राहकापुरता होता. पण युक्तिवाद म्हणून तो कुठेही मांडता येतो : हे कलम मला दाखवलं होतं का, समजावलं होतं का?

तरी माझा सल्ला कोर्टाचा नाही, बोलणीचा आहे, आणि बोलणीला बसताना एक हिशेब सोबत न्या. घराची किंमत वीस वर्षांच्या भाड्याइतकी धरली, तर तीन टक्के म्हणजे सात महिन्यांहून थोडं जास्त भाडं. मॅनेजरला दरमहा दहा टक्केच मिळतात. म्हणजे तो सहा वर्षांचं शुल्क एका सहीत मागतोय! गिऱ्हाईक शोधणं, घर दाखवणं, घासाघीस, कागदपत्रं हे सगळं करणाऱ्याचा हा दर असतो. यातलं काहीच झालेलं नसेल, तर चार-सहा महिन्यांचं शुल्क ही मला समंजस रक्कम वाटते. बदल्यात अनामत रकमेचा हिशेब, दुरुस्त्यांच्या पावत्या आणि किल्ल्या त्याने नीट सुपूर्द कराव्यात. 'यापुढे काही येणं बाकी नाही' असं लेखी मात्र खरेदीखताच्या आधी घ्या, नंतर नव्हे.

प्रश्न : आमच्या करारात विक्रीबद्दल अवाक्षर नाही. मॅनेजरचं म्हणणं, 'भाडेकरू मी आणला, म्हणजे गिऱ्हाईक मीच आणलं.'

उत्तर : भाडेकरू आणला तो भाड्याने राहायला. त्याचं कमिशन त्याला तेव्हाच मिळालं असणार.

२००८ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयात याच फॉक्सटन्सचा दुसरा एक खटला चालला. त्यांच्या एजंटने एका बाईंना घर दाखवलं, त्यांना ते पसंत पडलं नाही. पुढे दुसऱ्या एजंटमार्फत त्यांनी तेच घर घेतलं. न्यायालय म्हणालं की माणसाला घर दाखवणं वेगळं आणि त्याला खरेदीपर्यंत आणणं वेगळं. कमिशन मिळतं ते खरेदीपर्यंत आणण्याचं. भारतीय करार कायदा, १८७२ मधलं कलम २१९ही साधारण याच अंगाने जातं : वेगळा करार नसेल तर काम पूर्ण झाल्याशिवाय एजंटचा मोबदला देय होत नाही. तुमच्या मॅनेजरला विक्रीचं काम दिलंच नव्हतं, तर पूर्ण काय होणार?

मात्र 'जरा भाडेकरूला विचारून बघ, घेतोय का' असं तुम्हीच त्याला सांगितलं असेल, आणि त्याने चार फेऱ्या मारून भाव जुळवला असेल, तर गोष्ट बदलते. जुने व्हॉट्सॲप संदेश एकदा चाळून बघा.

प्रश्न : मॅनेजरचा करार मुद्दाम संपू द्यायचा आणि दोन महिन्यांनी भाडेकरूला घर विकायचं, हे चालेल का?

उत्तर : ही युक्ती नमुने लिहिणाऱ्यांना तुमच्या आधी सुचलेली आहे. करार संपल्यावरही तीन, सहा, कधी बारा महिने कमिशनचा हक्क राहील, अशी अट त्यासाठीच घालतात. खरेदी बायकोच्या किंवा भावाच्या नावाने केली तरी 'नातेवाईक' या शब्दात ती सापडते. अशी अट नसली, तरी किमतीची बोलणी आधी झाल्याचा पुरावा निघाला तर चुकवाचुकवी उघडी पडते.

याहून मोठा खड्डा वेगळाच आहे, त्याबद्दल कुणी विचारत नाही. घर विकण्यासाठी दुसऱ्या दलालाला 'घर कुणीही घेवो, कमिशन तुझं' असा एकाधिकार देऊन बसलात आणि भाडेकरूने मन बनवलं, तर दोघंही हात पुढे करतील. त्या करारावर सही करण्याआधी भाडेकरूचं नाव घालून 'यांना विकल्यास कमिशन नाही' एवढी ओळ लिहून घ्या. दलाल कुरकुरतो, पण बहुधा मानतो.

प्रश्न : मी भाडेकरू. घर मी घेतोय, तर मॅनेजर माझ्याकडेही एक टक्का मागतोय.

उत्तर : तुम्ही त्याच्याशी तसं काही ठरवलंय का? नसेल तर देऊ नका. तो मालकाचा माणूस आहे. दोन्हीकडून पैसे घ्यायचे तर ते दोघांनाही माहीत हवं आणि मान्य हवं. मालकाला न सांगता तुमच्याकडून घेतले, तर मालकाकडचा हक्कही धोक्यात येतो. मालकाला थेट कळवा. तेवढ्यात भाडं थांबवू नका. साठेखत, म्हणजे विक्री ठरल्याचा आधीचा करार, झालं तरी मालकी खरेदीखतानेच बदलते. अनामत किमतीत वळती करायची असेल तर ते साठेखतातच लिहा.

प्रश्न : मी स्वतः मॅनेजर आहे. भाडेकरूने मला दोनदा विचारलं होतं, घर विकायचंय का म्हणून. मालकाला मी सांगितलं नाही, भाड्याचं काम जाईल म्हणून. आता ते परस्पर व्यवहार करतायत. करारात माझं कमिशन लिहिलेलं आहे.

उत्तर : प्रामाणिकपणे विचारलंत, म्हणून सरळ सांगतो : मागू नका. करार कायद्याचं कलम २२० म्हणतं की ज्या कामात एजंटने गैरवर्तन केलं, त्या कामाचा मोबदला त्याला मागता येत नाही. मालकाच्या हिताची गोष्ट स्वतःच्या शुल्कासाठी दाबून ठेवणं यात बसू शकतं, आणि भाडेकरूने ते मालकाला एव्हाना सांगितलंही असेल.