कंटेनर ठेवायच्या आधी हे बघून घे

अरे थांब, माल ठेवायला प्लॉटवर शिपिंग कंटेनर आणायचा म्हणतोस ना, त्याचं बुकिंग करू नकोस अजून. आधी तुझ्या प्लॉटचा झोन, म्हणजे ती जमीन कशासाठी वापरायला मंजूर आहे, ते काढ, कारण कमर्शियल आहे म्हणजे कंटेनर चालतोच असं काही नसतं, बऱ्याच ठिकाणी उघड्यावरचं स्टोरेज वेगळं धरतात आणि "पाया नाही, मग बांधकाम कसलं" हा आपला युक्तिवाद तिथं कोणी ऐकत नाही. किती दिवस ठेवणार हे परवानगीच्या ऑफिसात पहिलं विचारतील. तात्पुरता असेल तर परवानगी सोपी, कायमचा म्हटलं की शेडसारखे नियम.

परवानगीसाठी साईट प्लॅन, म्हणजे प्लॉटवर कंटेनर कुठे बसतो त्याचा नकाशा, साधाच काढ पण मापं खरी टाक. २० फुटी कंटेनर ८ फूट रुंद, उंची साडेआठ, हाय क्यूब म्हणजे जास्त उंचीचा असेल तर साडेनऊ, आणि हा एक फूट उंचीच्या मर्यादेत नडू शकतो. दारं पूर्ण उघडायला पुढे चारेक फूट मोकळे लागतात तेही दाखव. सामासिक अंतर (प्लॉटच्या हद्दीपासून मोकळी सोडायची जागा), फायरच्या गाडीचा रस्ता, आणि पार्किंगचे किती स्लॉट खातोय हे तर बघतातच.

मी काय केलं माहितीये, प्लॅनवर ड्रेनेजची लाईन बघितलीच नाही, कंटेनर बरोबर चेंबरच्या झाकणावर! भरलेला माल उतरवून परत क्रेन बोलवावी लागली.

आणि काउंटरवरचा माणूस "चालतंय हो" म्हणाला तरी लेखी घे, ईमेल पण चालेल. जागा भाड्याची असेल तर मालकाचं संमतीपत्र आधीच जोड, नाहीतर फाईल तिथंच अडकते.