नव्या बाबासाठी: एक काम पूर्ण तुझं

अभिनंदन! पहिल्याच आठवड्यात बाळाचं एखादं काम पूर्णपणे तुझ्याकडे घे. मायकेल लँब या मानसशास्त्रज्ञाने वडिलांच्या सहभागाचे तीन भाग मांडले: प्रत्यक्ष वेळ देणं, हाकेला हजर असणं आणि जबाबदारी घेणं. पहिले दोन बऱ्याच जणांना जमतात. गाडी अडते ती तिसऱ्यावर. लसीची तारीख लक्षात ठेवणं, डॉक्टरांची वेळ घेणं, डायपर संपायच्या आत आणून ठेवणं, हे कुणी न सांगता व्हायला हवं.

सुरुवातीला बाळ तुझ्याकडे रडेल. आई किंवा आजी लगेच म्हणतील, "दे इकडे, तुला नाही जमायचं." चिडू नकोस, पण बाळही लगेच देऊ नकोस (भूक लागली असेल तर गोष्ट वेगळी). हात सरावानेच बसतो, त्यांचाही तसाच बसला. बायकोशी हे आधीच बोलून ठेव.

रजेचंही बघ. नॉर्वेने १९९३ साली चार आठवडे फक्त वडिलांसाठी राखले. नाही घेतले तर वाया. आधी रजा घेणारे बाप मोजकेच होते, काही वर्षांतच बहुसंख्य घेऊ लागले. तुला अशी सोय नसेल, तर साठलेली सगळी रजा सुरुवातीलाच संपवू नकोस. बायको कामावर परत जाईल तेव्हासाठी थोडी ठेव.