वाचक विचारतात : डालग्याखालचा कोंबडा आणि तिसरी पाळी

प्रश्न : आमचा कोंबडा रात्री डालग्याखाली असतो, वर गोणपाट टाकतो. आत मिट्ट काळोख. तरी पहाटे चारच्या सुमाराला तो आरवतोच. वडील म्हणतात, लांबच्या वाडीतला कोंबडा त्याला ऐकू येतो. खरं काय?
– एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : वडिलांचं म्हणणं चूक नाही, पण अपुरं आहे. एक आरवला की दुसरा साद देतो, हे खरंच. पण मग पहिल्याला कोण उठवतं?

जपानच्या नागोया विद्यापीठात त्सुयोशी शिम्मुरा आणि ताकाशी योशिमुरा यांनी नेमकं हेच तपासलं. बारा तास उजेड आणि बारा तास अगदी मंद प्रकाश अशा खोलीत ठेवलेले कोंबडे उजेड व्हायच्या सुमारे दोन तास आधीच आरवू लागायचे. मग त्यांनी उजेड बंद करून सतत मंद प्रकाशच ठेवला. तरी आरवण्याचा फेरा चालूच राहिला, फक्त तो २३.७ तासांचा झाला. दिवा लावून, दुसऱ्याचं आरवणं ऐकवूनही पाहिलं, तर पहाटेच्या वेळी कोंबडे त्याला सर्वांत जोरात साद देत. म्हणजे पहिल्याला उठवतं ते शरीराच्या आतलं घड्याळ, आणि साद कधी द्यायची, हेसुद्धा तेच ठरवतं. हे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनी त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. कळपातला सर्वांत वरचढ कोंबडा आधी आरवतो आणि बाकीचे मानाच्या क्रमाने त्याच्यामागून. तुमच्याकडे दोन-तीन कोंबडे असतील तर पहाटे कान देऊन ऐका, फार मजा येते.

तो २३.७ हा आकडा लक्षात ठेवा. नुसत्या आतल्या घड्याळावर सोडलं तर कोंबडा रोज सुमारे अठरा मिनिटं लवकर आरवेल आणि दहा दिवसांत तीन तास पुढे जाईल. तसं होत नाही, कारण रोज सकाळी तुम्ही डालगं उचलता. त्या उजेडाने घड्याळ पुन्हा लागतं. पक्ष्यांमध्ये हा उजेड फक्त डोळ्यांवाटे जात नाही, कवटीतूनही तो मेंदूपर्यंत झिरपतो आणि तिथली पिनियल ग्रंथी तो ओळखते. कोंबडीच्या पिल्लाच्या या ग्रंथीतल्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या तरी दिवस-रात्रीच्या तालावर मेलॅटोनिन हे रात्रीचं संप्रेरक सोडत राहतात. मला तर हे सगळ्यांत विलक्षण वाटतं. ना डोळे, ना मेंदू, नुसत्या पेशी, आणि त्यांना रात्र कळते!

पेशीत हे चालतं कसं, याचा धागा फळमाशीत सापडला. १९७१ मध्ये रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेंझर यांना तीन प्रकारच्या बिघडलेल्या माश्या मिळाल्या. एकीचा दिवस १९ तासांचा, दुसरीचा २८ तासांचा, तिसरीला ताल असा नव्हताच. तिन्ही बिघाड एकाच जनुकात होते, त्याचं नाव ‘पिरियड’. पुढे जेफ्री हॉल, मायकेल रोझबाश आणि मायकेल यंग यांनी ते जनुक वेगळं काढून त्याचं काम उलगडलं. त्याबद्दल त्यांना २०१७ चं नोबेल मिळालं. या जनुकावरून एक प्रथिन तयार होतं, ते रात्री पेशीत साठतं, ‘टाइमलेस’ नावाच्या जोडीदाराबरोबर केंद्रकात शिरतं आणि स्वतःचंच जनुक बंद पाडतं. मग ते हळूहळू मोडून संपतं आणि जनुक पुन्हा सुरू होतं.

गच्चीवरच्या टाकीतला फ्लोटही टाकी भरली की पाणी बंद करतो. पण तो लगेच बंद करतो, म्हणून पातळी एका जागी राहते. पेशीत ‘बंद कर’ हा निरोप काही तास उशिरा पोचतो. साठा आधी वर जातो, मग खाली येतो. या उशिरामुळेच दिवसाचा फेरा तयार होतो.

पडताळून पाहायचं असेल तर कृपा करून कोंबड्याला दिवसचे दिवस अंधारात ठेवू नका. लाजाळूची कुंडी घ्या. फ्रान्समध्ये दी मेराँ या खगोलशास्त्रज्ञांनी १७२९ मध्ये तेच केलं होतं. कुंडी दोन दिवस बंद कपाटात ठेवा आणि सकाळी दार अलगद, धक्का न लावता उघडा. पानं उघडलेली दिसतील. प्रत्येक देठाच्या बुडाशी एक फुगीर गाठ असते. तिच्या एका बाजूच्या पेशींत पाणी भरतं, दुसऱ्या बाजूच्या पेशींतून ते निघून जातं, आणि पान उघडतं किंवा मिटतं. भिंगातून ती गाठ छान दिसते.

प्रश्न : मुलगा कंपनीत आहे, दर आठवड्याला पाळी बदलते. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात दिवसा झोपच लागत नाही. सवय का होत नाही?
– एक आई, चाकण

उत्तर : ताई, तो आळस करत नाही आणि नाटकही करत नाही. माणसाचं मुख्य घड्याळ मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, सुमारे वीस हजार पेशींच्या पुंजक्यात असतं. ते दिवसाला साधारण तासभरच सरकू शकतं. त्यात सकाळी घरी येताना लख्ख ऊन डोळ्यांवर पडतं आणि त्याला परत मागे ओढतं. जरा कुठे ते वळतंय तोवर पाळी बदलते. यकृताचंही स्वतःचं घड्याळ असतं, रात्री दोनला जेवल्याने ते आणखी तिसरीकडे जातं.

दिवसा झोपायच्या खोलीला जाड पडदे लावा, रात्रीचं जेवण कामावर जाण्याआधी द्या, मध्यरात्री हलकंच काही असू द्या. पहाटे चार-पाचला शरीराचं तापमान सर्वांत कमी आणि डुलकी सर्वांत जास्त असते. कामावरून सुटल्यावर बाईकने येण्यापेक्षा कंपनीच्या बसने येऊ दे.

आणखी एक गोष्ट त्याने सुपरवायझरशी बोलावी. माणसाचं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं, म्हणून उशिरा झोपणं लवकर झोपण्यापेक्षा सोपं जातं. पाळ्या पहिली, दुसरी, तिसरी अशा क्रमाने फिरवल्या तर शरीराला कमी त्रास होतो. पुष्कळ ठिकाणी त्या उलट्या फिरवतात. वेळापत्रक पहिली, दुसरी, तिसरी असं लावायला कंपनीला फारसा खर्च येत नाही, त्यामुळे चारसहा कामगारांनी मिळून ही मागणी जरूर करावी.